मोखाड्याचा रंग कोणता?

भूगोलाच्या तासाला महाराष्ट्राचा कोरा नकाशा तुम्ही रंगवला असेलच. ऊस पिकतो त्या जिल्ह्यांना हिरवा, कापसाच्या जिल्ह्यांना पिवळा, भाताच्या जिल्ह्यांना निळा. रंग सीमेबाहेर गेला नाही, की गुण मिळत. आता हेच काम संगणक क्षणार्धात करतो आणि तो नकाशा आपल्या प्रश्नांना उत्तरेही देतो. एखाद्या जिल्ह्यावर बोट ठेवा, आकडा दिसतो. वर्ष बदला, रंग बदलतो. दोन बोटांनी ताणा, नकाशा मोठा होतो. असल्या नकाशाला संवादी नकाशा म्हणतात. पाऊस, पिके, साक्षरता, रोगराई, वाटेल त्या माहितीचा असा नकाशा करता येतो. या लेखात आपण मुलांच्या दारिद्र्याचा नकाशा वाचायला शिकणार आहोत.

काही वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी ‘मापनातील त्रुटी’ हे प्रकरण शिकवत होतो. व्हर्नियर कॅलिपरच्या उदाहरणांना मुले कंटाळली होती, म्हणून मी भिंतीवर महाराष्ट्राचा एक नकाशा पाडला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या चौथ्या फेरीचा तो नकाशा होता. पाच वर्षांखालील ज्या मुलांची वाढ खुंटलेली आहे त्यांचे शेकडा प्रमाण जिल्हावार रंगांनी दाखवले होते. प्रत्येकाने आपले गाव शोधावे असे मी सांगितले. मोखाडा तालुक्यातून आलेली एक मुलगी उठून म्हणाली, “सर, आमच्या पाड्याचा आणि ठाणे स्टेशनचा रंग एकच कसा?”

वर्ग हसला. मला मात्र नीट उत्तर देता आले नाही. घंटा झाली आणि तास संपला. त्या तासाचा उरलेला भाग आज लिहीत आहे असे समजा.

प्रथम मापन कशाचे आहे ते पाहू. दारिद्र्य मोजायचे तर घरचे उत्पन्न विचारावे, असे आपल्याला सहज वाटते. पण ज्या घरात थोडी नाचणी-वरई स्वतःच्या शेतात पिकते, काही दिवस मजुरी मिळते आणि दिवाळीनंतर सारे कुटुंब वीटभट्टीवर कामाला जाते, त्या घराचे महिन्याचे उत्पन्न रुपयांत सांगणार कसे? शिवाय घरात आलेला रुपया मुलाच्या ताटापर्यंत पोचतोच असे नाही. म्हणून मुलाचीच उंची आणि वजन घेतात. यातून तीन मापे मिळतात. वयाच्या मानाने उंची कमी असेल तर वाढ खुंटली असे म्हणतात. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर मूल कृश आहे. वयाच्या मानाने वजन कमी, हे तिसरे माप पहिल्या दोहोंचे मिश्रण होय.

या मापांतला फरक समजण्यासाठी मोटारगाडी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात दोन तबकड्या असतात. वेगमापक या क्षणाची स्थिती सांगतो. अंतरमापक आजवरच्या सगळ्या प्रवासाची बेरीज सांगतो. कृशता ही वेगमापकासारखी आहे. या पावसाळ्यात जुलाब झाले, खायला कमी पडले, की काटा लगेच हलतो आणि परिस्थिती सुधारली की परतही येतो. उंची ही अंतरमापकासारखी असते. आईच्या पोटात असल्यापासूनचे अन्न, आजारपणे, पिण्याचे पाणी या सर्वांची बेरीज तिच्यात साठलेली असते. एकदा मागे पडलेली उंची भरून काढणे फार कठीण जाते. म्हणून दीर्घकाळच्या दारिद्र्याचा माग काढायचा असेल तर मी तरी पहिला नकाशा उंचीचा उघडतो.

“आपली माणसे मुळातच ठेंगणी!” असे कोणीतरी म्हणेलच. पण तुलनेसाठी वापरलेली प्रमाण उंची जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केली, ती सहा देशांतील मुलांच्या मापांवरून. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि सहावा देश भारत. पुरेसे अन्न, आईचे दूध व आरोग्याची काळजी मिळाली, तर या सहाही ठिकाणची लहान मुले जवळजवळ सारखीच वाढतात असे दिसून आले. या प्रमाणाच्या सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांहून अधिक खाली असलेल्या मुलाची वाढ खुंटली असे धरतात. धडधाकट मुलांच्या समूहातही काही थोडी मुले या रेषेखाली असतातच. ती शंभरात सुमारे २.३ असतात. आता पाचव्या फेरीतला महाराष्ट्राचा आकडा पाहा. तो ३५.२ आहे. ही मापे २०१९ साली घेतली गेली. चौथ्या फेरीत हाच आकडा ३४.४ होता.

दारिद्र्याचे आणखी एक माप नीती आयोगाने २०२१ पासून प्रसिद्ध केले आहे. त्यात आरोग्य, शिक्षण व राहणीमान यांच्या बारा कसोट्या आहेत. वजनाने एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक कसोट्यांत कमी पडणारे कुटुंब दरिद्री धरले जाते. या हिशेबाने महाराष्ट्रातील दरिद्री लोकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शेकडा सुमारे १४.८ होते, ते २०१९-२१ मध्ये ७.८१ वर आले. म्हणजे एक माप जवळजवळ निम्म्यावर आले आणि त्याच काळात उंचीचे माप जागचे हलले नाही! दोन्ही आकडे एकाच पाहणीच्या सामग्रीतून निघाले आहेत आणि त्यांत विसंगती नाही. बँकेतले खाते किंवा विजेची जोडणी एका वर्षात मिळू शकते. अंतरमापक मात्र तसा पळत नाही. कोणताही नकाशा उघडलात की रंगांकडे पाहण्याआधी कोपऱ्यातली सूची वाचा आणि हे कशाचे माप आहे ते स्वतःला विचारा.

आता थोडा इतिहास. आकड्यानुसार प्रदेशांना छटा देण्याची युक्ती प्रथम वापरली ती फ्रान्समध्ये, शार्ल दुपँ याने १८२६ साली. त्याचा विषयही मुलांचाच होता: कोणत्या प्रांतात किती मुलगे शाळेत जातात. गडद छटेतले प्रांत शाळांच्या बाबतीत मागे पडलेले होते.

पण दारिद्र्याचा खरा गाजलेला नकाशा लंडनचा. लिव्हरपूलचा जहाजमालक चार्ल्स बूथ याने १८८९ साली तो प्रसिद्ध केला. त्यात एकेक रस्ता वेगळा रंगवला होता. सर्वांत हलाखीच्या रस्त्यांना काळा रंग, त्यावर गडद निळा, मग फिका निळा, जांभळा, गुलाबी, तांबडा आणि श्रीमंतांना पिवळा. लंडनमधील शेकडा ३०.७ लोक दारिद्र्यात राहतात, असा त्याचा निष्कर्ष होता. हा नकाशा आज लंडनच्या अर्थशास्त्र महाविद्यालयाने संवादी स्वरूपात खुला केला आहे आणि तो ताणून गल्लीबोळ पाहता येतात.

एकेका रस्त्याची माहिती बूथला मिळाली कोठून? त्या काळी लंडनमध्ये शाळामंडळाचे तपासनीस असत. शाळेच्या वयाचे मूल ज्या घरी आहे त्या प्रत्येक घरी जाऊन मूल शाळेत का येत नाही, बाप काय करतो, फी माफ करावी का, याची चौकशी ते करीत. वर्षानुवर्षे त्याच गल्ल्या तुडवल्याने घरन् घर त्यांना पाठ असे. बूथने व त्याच्या सहकाऱ्यांनी या तपासनिसांना बसवून त्यांच्या वह्यांतली व डोक्यातली माहिती उतरवून घेतली. नकाशात रस्ता दिसतो तो एवढ्यासाठी, की कोणीतरी त्या रस्त्याने चालत गेले होते. बूथच्या काही शब्दांबद्दल मात्र माझे मन साशंक आहे. काळ्या रंगाच्या वस्तीला त्याने गुन्हेगारीचा शिक्काही मारला. त्या गल्लीत वाढणाऱ्या पोराला तो नकाशा पाहून काय वाटले असते?

आता आपल्या नकाशाचे यंत्र उघडून पाहू. त्यात तीन भाग असतात. पहिला, सीमांची यादी. प्रत्येक जिल्हा हा एक अनेक बाजूंचा बहुभुज असतो आणि त्याच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश ओळीने लिहून ठेवलेले असतात. दुसरा भाग, आकड्यांचा तक्ता. तिसरा भाग सर्वांत साधा पण सर्वांत महत्त्वाचा, तो म्हणजे संकेतांक. जनगणनेत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला आणि गावाला एक क्रमांक दिलेला असतो. २०११ च्या जनगणनेत गावाचा क्रमांक सहा अंकी होता. बहुभुजाचा क्रमांक आणि तक्त्यातला क्रमांक जुळला, की संगणक तो आकडा त्या बहुभुजात ओततो. नावांवरून जुळवणी केली तर घोटाळा होतो. इंग्रजीत एकाच गावाची तीन स्पेलिंगे असतात हे तुम्हाला बसच्या पाट्यांवरूनही ठाऊक असेल.

आणि क्रमांकच जुळला नाही तर? १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. चौथी पाहणी त्यानंतरची, पण ती २०११ च्या जनगणनेतील ६४० जिल्ह्यांच्या चौकटीवर आधारलेली होती. तिच्यात पालघर नव्हताच. पाचव्या पाहणीत देशातील ७०७ जिल्हे धरले आणि पालघरला स्वतःचा आकडा मिळाला. आता नव्या सीमांच्या नकाशात चौथ्या फेरीचे आकडे ओतले तर पालघरची जागा कोरी राहते. काही नकाशांत ती पांढरी दिसते आणि घाईने पाहणाऱ्याला वाटते, येथे प्रश्नच नाही! कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे, हे वहीत लिहून ठेवा.

मोखाड्याच्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यात आले. तिचा तालुका त्या वेळच्या चौकटीत अखंड ठाणे जिल्ह्यात होता, म्हणून रंग एकच. उरलेले उत्तर सरासरीच्या गणितात आहे, ते हाताने करून पाहू.

२०११ च्या जनगणनेत अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार होती. देशातला तो सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा होता. त्यात जव्हार तालुक्याचे सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याचे सुमारे ८३ हजार लोक. दोन्ही मिळून २ लाख २३ हजार, म्हणजे जिल्ह्याच्या शेकडा २. मुलेही याच प्रमाणात आहेत असे धरू. आता केवळ हिशेबासाठी समजा, की या दोन तालुक्यांत शंभरातील ६० मुलांची वाढ खुंटली आहे आणि उरलेल्या साऱ्या जिल्ह्यात ३० मुलांची. जिल्ह्याची सरासरी किती?

०.०२ × ६० + ०.९८ × ३० = ३०.६

दुप्पट हलाखी असूनही जिल्ह्याचा आकडा ३० वरून जेमतेम ३०.६ झाला. नकाशाच्या रंगात हा फरक दिसणारच नाही. उलट बाजूने पाहा. या दोन तालुक्यांत उत्तम काम होऊन ६० चे ५० झाले, तरी जिल्ह्याचा आकडा ०.२ ने उतरेल. काम करणाऱ्याचे श्रमही नकाशात दिसणार नाहीत.

हे निव्वळ गणित नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने मुले दगावली आणि साऱ्या राज्यात खळबळ उडाली. ही गावे तेव्हा मुंबईला लागून असलेल्या, कारखान्यांच्या ठाणे जिल्ह्यात मोडत होती.

जिल्हा तोडल्यावर चित्र किती पालटले? पालघरच्या आठ तालुक्यांची २०११ ची लोकसंख्या सुमारे २९ लाख ९० हजार. त्यात जव्हार-मोखाड्याचा हिस्सा शेकडा साडेसात. वरच्याच कल्पित आकड्यांनी सरासरी ३२.२५ येते. थोडी हलली, पण फार नाही. कारण पालघरमध्ये वसई तालुकाही आहे आणि एकट्या वसईत जिल्ह्याचे जवळजवळ निम्मे लोक राहतात. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला तेव्हा गोष्ट निराळी होती. सातपुड्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके ज्या जिल्ह्यात गेले त्यात वसईसारखे महानगर नव्हते. म्हणून नंदुरबारचा रंग नकाशात स्पष्ट उठून दिसतो. २०१९ च्या पाहणीत तेथील निम्म्याहून अधिक मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी आढळले. नंदुरबार नकाशात दिसतो आणि मोखाडा दिसत नाही, यात हलाखीचा जितका हात आहे तितकाच सीमारेषेचा आहे.

तुम्ही म्हणाल, “मग नकाशा ताणून तालुका पाहावा, त्यात काय अवघड आहे?” येथे सूक्ष्मदर्शकाचा धडा आठवा. भिंगाची विभेदनक्षमता संपली, की पुढे कितीही मोठे केले तरी प्रतिमा फक्त मोठी व धूसर होते, नवे काही दिसत नाही. वर्तमानपत्रातील छायाचित्र भिंगाखाली धरले तर चेहऱ्याऐवजी नुसते ठिपके दिसतात, तसेच हे. जिल्ह्याचा एकच आकडा असलेला नकाशा गावापर्यंत ताणला तरी गावावर रंग जिल्ह्याचाच राहतो. काही नकाशे ताणल्यावर रस्ते, नद्या, गावांची नावेही दाखवतात आणि मग फसगत अधिकच होते.

तालुक्याचा आकडा पाहणीवाल्यांनीच का दिला नाही? कारण तो देण्याजोगा नसतो. पाचव्या फेरीत महाराष्ट्रात सुमारे ३१ हजार कुटुंबे पाहिली गेली. ३६ जिल्ह्यांनी भागा. एका जिल्ह्याच्या वाट्याला साधारण ८५०-९०० कुटुंबे येतात. त्यांत पाच वर्षांखालील मुले, समजा, अडीचशे मिळाली. नमुन्यावरून काढलेल्या प्रमाणातील प्रमाण त्रुटी अशी काढतात:

त्रुटी = √[ प × (१ − प) ÷ सं ]

येथे ‘प’ म्हणजे प्रमाण आणि ‘सं’ म्हणजे मुलांची संख्या. प = ०.४० आणि सं = २५० घाला. उत्तर ०.०३१, म्हणजे शेकडा ३. नेहमीप्रमाणे दुप्पट अंतर धरले तर ४० हा आकडा ३४ ते ४६ यांमध्ये कोठेही असू शकतो. प्रत्यक्षात कुटुंबे गावागावांच्या गटाने निवडलेली असल्याने त्रुटी याहूनही थोडी वाढते. तेव्हा एका जिल्ह्यात ३८ व शेजारी ४१ असे दिसले, तर पहिला दुसऱ्यापेक्षा बरा असे म्हणायला आधार नाही. संगणकाने मात्र ४० ही सीमा ठरवून एकाला फिका व दुसऱ्याला गडद रंग दिलेला असतो! रंगांच्या सीमा कोठे पाडल्या, हे म्हणूनच सूचीत पाहायचे.

आता मोखाड्याचे पाहा. पालघरच्या अडीचशे मुलांत लोकसंख्येच्या प्रमाणात मोखाड्याची येतील सात. सूत्रात सं = ७ घाला. त्रुटी ०.१८५ येते. म्हणजे आपल्याला एवढेच सांगता येईल, की मोखाड्यात वाढ खुंटलेल्या मुलांचे प्रमाण शेकडा ३ ते ७७ यांच्या दरम्यान आहे. याला मापन कोण म्हणेल?

मग बारीक नकाशा कधी मिळतो? प्रत्येक घराची नोंद होते तेव्हा. इंग्लंडमध्ये २०१९ साली मुलांच्या दारिद्र्याचा निर्देशांक ३२,८४४ तुकड्यांसाठी काढला गेला आणि एका तुकड्यात सरासरी दीड हजारांच्या आसपास लोक होते. तेथे सरकारी भत्ते घेणाऱ्या कुटुंबांच्या नोंदी हाताशी असतात, म्हणून हे जमते. आपल्याकडे जनगणनेत घरोघर जातात व त्यातून पाणी, शौचालय, वीज यांची माहिती तालुक्यापर्यंत मिळते. परंतु हाताशी असलेली पूर्ण जनगणना २०११ ची आहे. २०२१ ची ठरल्या वेळी झालीच नाही. उंची-वजनाची घरोघरची नोंद असते ती अंगणवाडीत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून ही अंगणवाडी आली. बूथच्या तपासनिसांना जे ठाऊक होते ते आपल्याकडे अंगणवाडीताईंना ठाऊक असते. त्या नोंदीतही त्रुटी असतात. काटा नीट शून्यावर नसतो, मोजपट्टी सैल झालेली असते, स्थलांतरित मुले गैरहजर असतात. ही त्रुटी निराळ्या जातीची आहे. नमुना वाढवला की पाहणीची त्रुटी घटते. काटाच चुकीचा असेल तर हजार मुले तोलली तरी चूक तेवढीच राहते.

आणखी एक फसगत सांगतो आणि मग तुमच्या कामाकडे वळू. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आणि २०११ ची लोकसंख्या पावणे अकरा लाखांच्या आसपास. मुंबई उपनगर जिल्हा नकाशात ठिपक्याएवढा, पण लोक साडे-त्र्याण्णव लाख. दोन्हीकडे दहावा हिस्सा लहान मुले धरा. गडचिरोलीत त्यांतील शेकडा ४० आणि उपनगरात शेकडा २० मुलांची वाढ खुंटली असे समजा. गडचिरोलीत ती सुमारे ४३ हजार होतात आणि उपनगरात १ लाख ८७ हजार. नकाशात डोळा मात्र गडचिरोलीच्या भल्या मोठ्या गडद पट्ट्यावरच जातो. डॉक्टर किती लागतील ते संख्या सांगते, संकट किती खोल आहे ते प्रमाण सांगते, म्हणून दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहावेत.

आता करून पाहा. आपल्या तालुक्याचा गावांच्या सीमा असलेला नकाशा मिळवा व त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून सीमा गिरवा. शिक्षकांना बरोबर घेऊन पाच-सहा अंगणवाड्यांत जा. किती मुलांचे वजन घेतले आणि त्यांत कमी वजनाची किती, एवढ्या दोनच बेरजा मागा. मुलांची नावे विचारू नका. ज्या पाड्यावर बाराच मुले आहेत तेथे एका मुलाने प्रमाण शेकडा आठने बदलते, आणि नाव न लिहिताही ते मूल कोणाचे हे गावाला कळते. म्हणून लहान पाडे एकत्र करून किमान पन्नास मुलांचा गट करा, मग रंग भरा. त्यावर दुसरा ट्रेसिंग पेपर ठेवून पक्का रस्ता, आरोग्य उपकेंद्र आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरी दाखवा. संगणकाच्या नकाशात थर एकमेकांवर ठेवतात ते असेच.

शेवटी एक उदाहरण घरी सोडवण्यासाठी. अमरावती जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या सुमारे २८ लाख ८८ हजार. मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांत मिळून सुमारे ३ लाख लोक. मेळघाटात शेकडा ६० आणि इतरत्र शेकडा ३० असे धरून जिल्ह्याचा आकडा काढा. तो ३३ च्या जवळपास यायला हवा. मग अडीचशे मुलांच्या नमुन्याची त्रुटी काढा आणि ३० व ३३ हे आकडे नकाशात वेगळे ओळखता येतील का, ते पाहा.